बुधवारी लिहिलेला रविवार

१

चहाच्या सुट्टीनंतर दिगंबरकाकांनी आपलं चामड्याचं फोल्डर उघडलं, आत हात घातला आणि हात तसाच आत ठेवून उभे राहिले. मग त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडली. जुना पिवळा छापील कागद होता, भाषणाची टिपणं होती, चष्मा पुसायचं फडकं होतं. लांब पांढरं पाकीट नव्हतं.

"सगळ्यांसमोर ठेवलं होतं मी," ते म्हणाले. "तुम्ही बघितलंत."

बघितलं होतं. १९८५च्या नोव्हेंबरातला रविवार, शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या एका शाळेचा हॉल आणि समोशांचे तेलकट हात पुसत बसलेली आम्ही साठ-सत्तर मराठी माणसं. पहिल्या रांगेतून कांचनवहिनी उठल्या. त्यांनी टेबलाकडे बघितलं आणि मग वळून दाराकडे. दारात त्यांचा थोरला मुलगा विक्रम जॅकेट घालून उभा होता.

"विक्रम, दे ते पाकीट," त्या म्हणाल्या.

"आय डिडन्ट टेक इट, आई."

"दे म्हणते ना."

विक्रमने आईकडे बघितलं, मग शेजारी बसलेल्या वडिलांकडे. जगन्नाथराव मांडीवरच्या हातांकडे बघत होते. विक्रम वळला आणि पार्किंग लॉटमध्ये निघून गेला. कांचनवहिनी खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आजपासून मला एकही मुलगा नाही."

आता पाकिटाचं सांगते. गेल्या वर्षी एका शनिवारी दुपारी त्यांचा धाकटा मुलगा अमित एका व्हिडिओच्या दुकानात काउंटरवर होता. डॅनी नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा पिस्तूल घेऊन आत शिरला. अमितने मागितलेलं सगळं दिलं, तरी त्याने गोळी घातली. अमित एकवीस वर्षांचा होता. डॅनी दोषी ठरला, आणि आता त्याला जन्मठेप द्यायची की मृत्युदंड, हे जज येत्या गुरुवारी ठरवणार होते. पाकिटात जजच्या नावाने पत्र होतं. अमितच्या आईवडिलांनी लिहिलं होतं की, या मुलाला मारू नका. रविवारी ते वाचून दाखवायचं, सोबतच्या कोऱ्या कागदावर मंडळींच्या सह्या घ्यायच्या आणि वकिलाला द्यायचं, असं ठरलं होतं. डॅनीच्या बचावासाठी सरकारने दिलेल्या वकिलाने कांचनवहिनींना स्पष्ट सांगितलं होतं की, आईचं एकटीचं पत्र जज रोज बघतात. वडिलांची सही त्यावर असली तरच काही आशा आहे.

आणि मी नंदा. एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम्स तपासते. लोक कुठे खोटं बोलतात ते शोधायचा मला पगार मिळतो. चौदा वर्षं हेच केल्यामुळे माझ्या जिभेला धार आली आहे, म्हणून आमचं मराठी मंडळ मला हळदीकुंकवाच्या कमिटीवर घेत नाही. माझी काही तक्रार नाही. पण त्या दिवशी कांचनवहिनींनी माझा दंड धरला.

"नंदा, गुरुवारपर्यंत मला ते पत्र शोधून दे. दुसरं लिहायचं म्हटलं तर हे नाही म्हणतात. एकदा सही करताना जीव गेला, पुन्हा सांगू नकोस म्हणतात."

"आणि विक्रमनेच घेतलं असेल तर?"

"तर तेही मला कळू दे," त्या म्हणाल्या.

२

दिगंबरकाका बहात्तर वर्षांचे, शिकागोच्या एका लायब्ररीतून रिटायर झालेले. त्या दिवशीचं भाषण त्यांचंच होतं. विषय, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या जाहीर फाशा. विषय काढल्यावर मंडळात अर्ध्यांनी नाकं मुरडली होती. "रविवारी दुपारी फाशी काय ऐकायची, यार, नाट्यगीतं ठेवा," वगैरे. पण काकांनी तो मुद्दामच घेतला होता. पत्राआधी लोकांची मनं जरा नांगरून ठेवायची, हा त्यांचा हेतू.

हॉल रिकामा झाल्यावर मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली.

"पाकीट तुमच्याकडे कधी आलं?"

"भाषणाच्या आधी. जगन्नाथने स्वतः दिलं, बंद करून. मी सगळ्यांना दाखवलं आणि फोल्डरात ठेवलं. चहाला मी बाहेर गेलो, फोल्डर टेबलावर."

"वीस मिनिटं हॉलमध्ये कोण होतं?"

"बिचारा जगन्नाथ पहिल्या रांगेत बसून होता. त्याला कुठला समोसा गोड लागायला. आणि विक्रम जॅकेट घ्यायला आत येऊन गेला, ते दोघातिघांनी बघितलं."

बोलता बोलता ते पिवळा कागद मेणकागदात गुंडाळत होते. लंडनच्या जुन्या बाजारात मिळालेला, सव्वाशे वर्षांपूर्वीचा. वर लाकडी ठशातलं फासाचं चित्र आणि खाली एका मोलकरणीचे अखेरचे शब्द, तेही यमक जुळवून.

"भाषणात हे नीट सांगता आलं नाही," ते म्हणाले. "प्रोजेक्टरचा बल्ब गेला, स्लाइड्स राहिल्या. फाशी सकाळी आठला. वीस-तीस हजार माणसं जमायची, समोरच्या घरांच्या खिडक्या भाड्याने जायच्या. आणि हे कागद त्याच गर्दीत पेनीला विकायचे. मग अखेरचे शब्द छापायला वेळ कुठला? आदल्या रात्रीच छापून तयार. या बाईची शिक्षा ऐनवेळी रद्द झाली, नंदा. ती जिवंत राहिली. पण तिचे अखेरचे शब्द विकून झाले होते."

"मग हे थांबलं कसं?"

"थांबलं कुठे? अठराशे अडुसष्टला जाहीर फाशी बंद केली आणि तुरुंगाच्या भिंतीआड नेली. गंमत म्हणजे, फाशीच नको म्हणणाऱ्यांपैकी काहीजण त्याच्या विरोधात होते. ते म्हणत, एकदा दिसेनाशी झाली की कुणालाच खुपणार नाही. तसंच झालं. सभ्य माणसांना फाशी नको नव्हती, फक्त बघायची नव्हती."

मी मान डोलावली आणि वहीत विक्रमचं नाव लिहिलं. मूर्ख बाई मी.

३

सोमवारी दुपारी राजीवला गाठलं. राजीव मंडळाचा सेक्रेटरी, जगन्नाथरावांच्याच कंपनीत इंजिनियर. त्याच्यावर माझा संशय होता, लपवत नाही. पत्र मंडळाच्या कार्यक्रमात वाचायला त्याचा पहिल्यापासून विरोध.

"नंदाताई, अर्धे लोक ग्रीन कार्डवर आहेत. उगाच पॉलिटिकल काहीतरी कशाला? मी तोंडावर सांगितलं होतं. पण चोरी? मी चहाच्या टेबलाशी होतो. वडे करून देणाऱ्या बाईने ऐनवेळी ऑर्डर कॅन्सल केली, समोसे आणायला मला पळावं लागलं. सत्तर लोकांना मी पेपर प्लेट्स वाटत होतो, विचारा कुणालाही."

विचारलं होतं. खरं होतं.

"तुमचं वार्तापत्र निघालं का?" मी निघता निघता विचारलं.

"आज सकाळी पोस्टात टाकलं. शुक्रवारीच कॉपीज काढून ठेवल्या होत्या."

यात नवल नव्हतं. मराठी टाइपरायटर कुणाकडे नाही, म्हणून आमचं वार्तापत्र सुनेत्रा हाताने लिहिते. सुंदर अक्षर. राजीवच्या ऑफिसातलं कॉपीचं मशीन शुक्रवारी संध्याकाळीच मोकळं मिळतं, म्हणून रविवारच्या कार्यक्रमाचा वृत्तांत ती आदल्या बुधवारीच लिहून टाकते. 'कार्यक्रम उत्तरोत्तर रंगत गेला.' रंगला नाही तरी रंगतो. सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे हसतात. एकदा गायक आलाच नव्हता, तरी वृत्तांतात त्याने दोन वन्समोअर घेतले होते.

"या वेळी माझ्या मुलीचं पियानो रिसायटल होतं," राजीव म्हणाला. "तर जगन्नाथराव म्हणाले, तू जा, मी काढतो. बिचाऱ्यांनी थांबून एकशेचाळीस कॉपीज काढल्या, मोजून गठ्ठे बांधून माझ्या टेबलावर ठेवले. कोण करतं हो एवढं, असल्या दुःखात?"

खरंच कोण करतं. मला भरून आलं. हॉलच्या दारातला कार्यक्रमाचा फलकसुद्धा त्यांनीच केला होता. तीस वर्षं ड्राफ्ट्समन, नकाशे काढणारे, अक्षरांवरची रेघही पट्टीने मारायचे. अमित गेल्यावर पहिल्यांदाच त्यांनी मंडळासाठी पेन हातात धरलं होतं.

मी तिथून थेट विक्रमकडे गेले.

४

विक्रमच्या अपार्टमेंटमध्ये भिंतीला टेकवलेली एक सायकल होती. अमितची. चाकांत हवा नव्हती.

"नंदामावशी, यू थिंक आय डिड इट."

"मला वाटायचा पगार नाही मिळत. जॅकेट घ्यायला आत गेलास तेव्हा काय बघितलंस?"

"बाबा होते. फ्रंट रोमध्ये. आय सेड, बाबा, मी जातो. ही डिडन्ट लुक ॲट मी." त्याने सायकलच्या सीटवर हात ठेवला. "लुक, मला तो डॅनी मेलेला हवाय. आईला सांगितलंय मी. किचनमध्ये, तिच्या तोंडावर. मी सही करणार नाही म्हटलं, शी सेड फाइन. चोरी का करू? मला लपवायचं काय आहे?"

"आई म्हणते तिला मुलगा नाही."

"आय नो. आय वॉज देअर." त्याने पाठ फिरवली. "ती डॅनीच्या आईला भेटून आली, यू नो? त्यानंतर ती जेवायला लागली. वर्षभर अमितच्या खोलीत बसायची, दार लावून. मग एक दिवस बाहेर आली आणि टाइपरायटर मागितला. मला तिचं म्हणणं पटत नाही. बट आय वुडन्ट टेक दॅट फ्रॉम हर."

खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो किंवा कमी बोलतो. हा पोरगा नेमकं बोलला. मी गाडीत येऊन बसले आणि वहीतलं त्याचं नाव खोडलं. मग खाली लिहायला नावच उरेना. गुरुवार तीन दिवसांवर होता, आणि माझ्या हातात एक चोरी होती जी कुणीच केली नव्हती.

५

मंगळवारी टपालात वार्तापत्र आलं. जेवता जेवता वाचायला घेतलं.

'दिगंबरकाकांनी स्लाइड्सच्या साहाय्याने विषय जिवंत केला.' बल्ब गेला होता. 'गरमागरम बटाटेवड्यांचा सर्वांनी आस्वाद घेतला.' समोसे होते. हसू आलं. आदल्या रात्री छापलेले अखेरचे शब्द, काकांच्या कागदावरचे. सुनेत्राचंही तेच. आणि हसता हसता माझा घास तसाच राहिला.

बल्ब जाणार हे तिला बुधवारी माहीत नव्हतं, म्हणून स्लाइड्स झाल्या. वडे येणार नाहीत हे माहीत नव्हतं, म्हणून वडे झाले. मग पत्र नाहीसं होणार हे तरी तिला कसं माहीत? पत्राचं वाचन कार्यक्रमपत्रिकेवर होतं. त्या दिवसाची मोठी गोष्ट तीच. तिच्या वृत्तांतात पत्र वाचलं जायला हवं होतं, लोक रडायला हवे होते. पण वड्यांनंतर एकदम आभारप्रदर्शन. पत्राचा उल्लेखसुद्धा नाही.

पानाच्या खाली एक सूचना होती. 'सभासदांनी गाड्या शाळेच्या मागील बाजूस लावाव्यात.' मी कागद दिव्याजवळ धरला. सूचनेभोवती चौकोनी, फिकट करडी रेघ दिसत होती. मूळ कागदावर दुसरा तुकडा चिकटवून कॉपी काढली की कडेची सावली अशी उमटते. खाडाखोड केलेली बिलं ओळखायला आम्ही ऑफिसात हीच रेघ शोधतो.

आणि सूचनेतल्या अक्षरांवरची रेघ पट्टीने मारलेली होती.

मी ताट तसंच ठेवून सुनेत्राला फोन लावला.

"पत्राबद्दल तू काही लिहिलं होतंस?"

"हो तर. चार ओळी. आत्ताच बघितलं, नंदाताई, त्या छापल्याच नाहीत. पार्किंगचं कुणी घातलं? मी नाही लिहिलेलं ते."

"मूळ कागद कुणाकडे आहे?"

"राजीवकडे असेल. मला अजून परत दिला नाही."

मी तशीच राजीवकडे गेले. त्याच्या टेबलाच्या खणात तो कागद, कोपरे जुळवून, कव्हरात घातलेला मिळाला. मी पार्किंगच्या सूचनेचं टोक नखाने उचललं. ड्राफ्ट्समन वापरतात तो डिंक होता, अलगद सुटणारा. तुकडा निघाला आणि खाली सुनेत्राच्या चार ओळी जशाच्या तशा होत्या. ज्याने त्या झाकल्या त्याला त्या फाडाव्यात असं वाटलं नव्हतं. मूळ नकाशा कधी फाडायचा नसतो, ही तीस वर्षांची सवय.

राजीव माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याने ते अक्षर ओळखलं आणि तो खुर्चीत बसला.

"पण ते का चोरतील?" तो म्हणाला. "पत्र तर त्यांचंच आहे."

घर जळलं की आम्ही पहिला प्रश्न घरमालकाला विचारतो. नवशिक्या पोरांनाही मी हेच शिकवते. आणि इथे मी सगळ्यांना विचारत फिरले, फक्त ज्याचं पाकीट त्याला सोडून. का, तर दया आली म्हणून. माझी मलाच शरम वाटली.

६

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत जगन्नाथराव डबा घेऊन आपल्या गाडीत बसले होते. मी पलीकडचं दार उघडून शेजारी बसले आणि मूळ कागद डॅशबोर्डवर ठेवला.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग कोटाच्या आतल्या खिशातून लांब पांढरं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. तीन दिवस ते अंगावर घेऊन फिरत होते.

"उघडा," ते म्हणाले.

कांचनवहिनींनी दोन बोटांनी टाइप केलेलं पत्र. खाली त्यांची सही. तिच्याशेजारी जगन्नाथरावांचं नाव टाइप केलेलं, आणि त्यावरची जागा कोरी.

"तिने माझ्यासमोर सही केली," ते म्हणाले. "म्हणाली, आता तुम्ही करा आणि पाकीट बंद करा. ती चहा टाकायला आत गेली. मी पाकीट बंद केलं."

"आणि रविवारी ते सत्तर माणसांसमोर उघडलं असतं."

"हो."

"घरी सरळ नाही म्हणायचं होतं, जगन्नाथराव."

"नाही म्हटलं असतं तर ती परत त्या खोलीत जाऊन बसली असती. नंदाताई, वर्षभराने माझ्या घरात फोडणीचा वास आला होता. मी काय बोलणार?" त्यांचा आवाज सपाट होता. "पण सही होईना. पेन टेकवलं की मॉर्गमधला अमित दिसतो. मला त्या डॅनीचा सूड नको. त्याला मरताना बघायचंही नाही मला. फक्त तो नसावा. कुठेतरी आत, कुणीतरी ते करून टाकावं आणि आपल्याला कळूही नये."

"भिंतीआड."

"हो, भिंतीआड. दिगंबरकाका ते बोलत होते तेव्हा मला वाटलं, हॉलमधले सगळे माझ्याकडेच बघतायत."

"आणि सुनेत्राच्या चार ओळी? त्या राहू दिल्या असत्यात तर मला काही कळलं नसतं. सगळे हसून म्हणाले असते, घ्या, नेहमीसारखंच."

"मशीनसमोर उभा राहून वाचल्या त्या. 'जगन्नाथरावांनी क्षमा केली.' एकशेचाळीस घरांत जाणार. अमितच्या नावाशेजारी तसलं खोटं मला छापवेना." ते किंचित हसले, आणि ते हसू बघवत नव्हतं. "चोरी करवली. ते नाही करवलं."

इथपर्यंत मला त्यांची कीव येत होती. खरंच येत होती. मग मी विचारलं, "आणि विक्रम?"

ते डब्याचं झाकण पुन्हा दाबून लावू लागले.

"तुमच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईने त्याला तोडलं. तुम्ही शेजारी बसला होतात. पाकीट तुमच्या कोटात होतं."

"तो तरुण आहे," ते म्हणाले. "सोसेल. तसाही तो सगळ्यांना सांगतच होता, डॅनीला मारा म्हणून."

माझं डोकं फिरलं. मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही, पण एवढं आठवतं की मी म्हटलं, तुमच्या एका मुलाचा खून झाला, दुसऱ्याचा बळी तुम्ही स्वतः दिलात. आणि तुम्हाला लाज वाटते ती कागदावरच्या खोट्याची.

त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "कांचनला तुम्हीच सांगा."

"मी तुमची पोस्टमन नाही. पाकीट तुमचं आहे. एकतर सही करून द्या, नाहीतर सही न करता द्या. पण आज घरी जाऊन, स्वतःच्या हाताने, आणि विक्रमला बोलावून."

मी पाकीट त्यांच्या डब्यावर ठेवलं, मूळ कागद उचलला आणि उतरले. ऑफिसात परत येऊन दुपारभर एकही क्लेम वाचला नाही.

७

गुरुवारी सकाळी कांचनवहिनींना विक्रम कोर्टात घेऊन आला. दोघं एका गाडीतून उतरले, तेव्हा मला कळलं की जगन्नाथरावांनी सांगितलं. ते स्वतः बसने आले आणि मागच्या बाकावर बसले.

वकिलाने पत्र जजना दिलं. जजनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. मग वर बघून विचारलं, "वडील कोर्टात आहेत का? त्यांचीही हीच विनंती आहे का?"

डॅनीच्या आईने मान वळवली. कांचनवहिनींनी नाही वळवली. त्या समोरच बघत होत्या, पण त्यांचा हात विक्रमच्या बाहीवर होता आणि मी तो हात बघत होते. विक्रमने एकदा वडिलांकडे बघितलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यालाही वाटलं असावं की बाबांनी उठावं.

जगन्नाथराव उठले. कोटाचं बटण लावलं. तोंड उघडलं, आणि काही न बोलता परत खाली बसले.

जज म्हणाले, मातेच्या पत्राची कोर्टाने नोंद घेतली आहे. पुढचं त्यांनी कागदावरून वाचलं. मृत्युदंड. इथे हल्ली दोर नसतो, विषाची सुई असते. आतल्या खोलीत करतात. डॅनी नखं खात होता. त्याला आधी समजलंच नाही, वकिलाने कानात सांगितल्यावर समजलं. निकालाचा कागद आधीच टाइप केलेला होता, हे माझ्या जागेवरून स्पष्ट दिसत होतं. पत्रावर दोन सह्या असत्या तर तो बदलला असता का, कोण जाणे. ते आता कुणालाच कधी कळणार नाही, आणि जगन्नाथरावांना ते घेऊनच जगायचं आहे.

परतताना बसला वेळ होता म्हणून मी त्यांना माझ्या गाडीत घेतलं. हायवेला लागल्यावर त्यांनी विचारलं, "ते कधी होईल?"

"अपिलं असतात. आठ-दहा वर्षं लागतील."

"एवढी?"

"काळजी करू नका," मी म्हटलं. "बघायला बोलावणार नाहीत तुम्हाला."

हे बोलायला नको होतं. पण बोलले.

८

दोन आठवड्यांनी कांचनवहिनी सुनेत्राकडे आल्या. मीही तिथे होते. जगन्नाथरावांनी आपलं सामान तळघरात हलवलं होतं, विक्रम घरी राहायला आला होता, अमितच्या खोलीत. एवढं त्यांनी न विचारता सांगितलं आणि वर म्हणाल्या, "विक्रमही सहीला नाहीच म्हणाला होता, नंदा. पण तोंडावर म्हणाला. मी ऐकून घेतलं. ह्यांचंही घेतलं असतं."

मग त्यांनी सुनेत्राकडे तो मूळ कागद मागितला.

सुनेत्राने फाइलमधून काढून दिला. वहिनींनी चष्मा लावला आणि झाकलेल्या चार ओळी मोठ्याने वाचल्या. 'त्यानंतर जगन्नाथरावांनी स्वतः उभं राहून पत्र वाचून दाखवलं. ज्याने माझा मुलगा नेला त्याला मी क्षमा केली आहे, त्याचे प्राण वाचवा, ही त्यांची विनंती ऐकताना सभागृहात एकाचाही डोळा कोरडा राहिला नाही. कांचनकाकू त्यांच्या शेजारी उभ्या होत्या. अमितचं नाव या पत्राने राहील.'

सुनेत्राला रडू फुटलं. "काकू, टाकून द्या ना ते. असं काही झालंच नाही. मी बुधवारीच लिहून ठेवलं होतं."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाल्या. "पण एवढ्या एका कागदावर तरी हे उभे राहिलेत."

त्यांनी तो कागद दुमडू नये म्हणून पुस्तकात घालून पर्समध्ये ठेवला. खाली विक्रम गाडी घेऊन थांबला होता, म्हणून चहा न घेताच निघाल्या.